पहिल्या बाकावरचं चुकीचं उत्तर

आमच्या बी.एड. कॉलेजात कुणाचाच पाठ कधी वाईट झाला नाही.

सरावपाठ घ्यायला आम्हाला एका शाळेत पाठवायचे. कोल्हारच्या अलीकडे, मनमाड रोड सोडून आत गेलं की प्रवरेच्या बाजूला ती शाळा लागते. एकाने शिकवायचं आणि बाकीच्यांनी शेवटच्या बाकावर बसून निरीक्षण लिहायचं, अशी पद्धत. निरीक्षण म्हणजे काय, तर फलकलेखन सुबक, आवाज खणखणीत, विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. एका पाठात निम्मा वर्ग खिडकीतून ऊस भरलेली ट्रॉली बघत होता, तरी सहभाग उत्तम. दुसऱ्या एका भावी शिक्षकाने भागाकार चुकवला, पोरांनी तो तसाच वहीत उतरवला, आणि खाली आमच्या सगळ्यांच्या सह्या: विषयज्ञान सखोल. कारण उघड होतं. आज तुझा पाठ, उद्या माझा. संक्रांतीला बायका एकमेकींना वाण देतात तसं आम्ही एकमेकांना उत्तम देत होतो. पुरुषही देत होते.

मला याचा संताप यायचा.

मी कर्जतकडची. पदवीला असताना पत्रकं लिहायला शिकले. एस.टी.ची संध्याकाळची गाडी बंद केली, पत्रक. वसतिगृहाला पाणी नाही, पत्रक. ग्रामसभेत भूमिहीनांना बोलू देत नाहीत, त्यावरही पत्रक, आणि ते माझं सगळ्यात गाजलेलं. पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या वाक्यात आरोप, दुसऱ्यात मागणी, तिसऱ्यात इशारा. ती शिस्त अंगात इतकी मुरली होती की घरी आईला चहा मागतानाही इशारा यायचा.

तर मी कॉलेजच्या फळ्यावर पत्रक लावलं. ‘खोट्या उत्तमचा जाहीर निषेध.’ मागण्या अशा: प्रत्येक पाठाचं मोबाईलवर चित्रीकरण व्हावं. कॅमेरा शिक्षकावर नको, मुलांवर असावा, कारण शिकणं तिकडे घडतं. सहाध्यायांनी अभिप्राय निनावी द्यावेत, मोबाईलवरूनच, आणि ते सगळ्यांसमोर पडद्यावर यावेत. हात वर करणाऱ्या चार हुशार मुलांचीच उत्तरं न घेता वर्गातल्या प्रत्येकाचं उत्तर घ्यावं. मागच्या बाकावरच्यांना पुढे आणावं.

आमचे अध्यापन पद्धतीचे सर शांत माणूस. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “सगळ्या मागण्या मान्य. पहिला पाठ तुमचा.”

मागून कुणीतरी हसलं. मला ते हसू विरोधकांचं वाटलं, आणि विरोधक असले की मला बरं वाटायचं.

प्रत्येकाचं उत्तर घ्यायचं तर साधन हवं. पोरांना शाळेत मोबाईल आणू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण एका मोबाईलवर चालणारी एक युक्ती मी पाहिलेली होती. प्रत्येक मुलाला एक चौकोनी कार्ड द्यायचं. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. चार कडांना ए, बी, सी, डी. मुलाला जे उत्तर वाटतं ती कड त्याने वर धरायची. शिक्षकाने मोबाईल वर्गावरून फिरवला की कुणाचं बरोबर, कुणाचं चूक ते नावानिशी पडद्यावर येतं. बरोबर असेल तर नाव हिरवं, चूक असेल तर लाल. शेजाऱ्याला कळत नाही, फक्त शिक्षकाला कळतं. अक्षरं इतकी बारीक की बघून चोरता येत नाही. मला वाटलं, याहून मोठी लोकशाही वर्गात येणं शक्य नाही.

नुसता कागद मुलांच्या हातात टिकला नसता, पुठ्ठा लागणार होता. आमच्यात घोडेगावची एक ताई होती. लग्न होऊन, दोन मुलं शाळेत घालून, मग बी.एड.ला आलेली. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या जनावरांच्या बाजारात दलाली. तिने पिशवी भरून जुन्या लग्नपत्रिका आणल्या.

“आमच्यात पत्रिका टाकत न्हाईत गं,” ती म्हणाली. “गणपती असतो त्यावर. कपाटात ठेवून ठेवून कपाट भरलं. तुझ्या कामाला येऊ दे.”

जाड, गुळगुळीत पुठ्ठे. बहुतेकांवर गणपती, काहींवर चांदतारा, एकदोनांवर नुसते गुलाब. आम्ही दोघींनी वसतिगृहाच्या व्हरांड्यात बसून ते चौकोनी कापले, पाठीवर नक्षीचे कागद डकवले. मला वेडंवाकडं काम आवडत नाही. ए ची कड वर आणि मागे गणपतीही सरळ, असं एकेक कार्ड बघून बघून चिकटवलं. ताई म्हणालीसुद्धा, “लई नीटनेटकी हायेस.” मी खूश झाले.

पाठ सहावीवर होता, नागरिकशास्त्राचा. विषय ग्रामसभा. म्हणजे माझं घरचं मैदान. वर्गात गेल्या गेल्या मी मागण्यांप्रमाणे वागले. शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून एक बारकी मुलगी बसली होती, तिला दप्तरासकट उठवलं आणि पहिल्या बाकावर आणून बसवलं. तिला यायचं नव्हतं. तिची शेजारीण “मॅडम, आमी दोगी एका जागी बसतो” असं म्हणाली. मी म्हटलं, “आता वर्गात मागचा बाकच राहणार नाही.” वाक्य छान होतं. कॉलेजचा मोबाईल स्टँडवर लावून फळ्याच्या कोपऱ्यात उभा केला होता, तोंड मुलांकडे. त्यानेही ऐकलं.

मी शिकवलं. शिकवलं म्हणजे बोलले. गाव म्हणजे काय, सत्ता कुणाची, सभा कुणाची. पोरं टक लावून बघत होती. मग प्रश्न फळ्यावर लिहिला. ग्रामसभेचे सभासद कोण असतात? ए, गावातले सगळे पुरुष. बी, ग्रामपंचायतीचे सदस्य. सी, गावातले सगळे मतदार. डी, ज्यांच्या नावावर गावात जमीन आहे ते.

“धरा कार्डं.”

कार्डं वर गेली. मी मोबाईल फिरवला. हिरवं, हिरवं, हिरवं. पुढून मागेपर्यंत सगळा वर्ग हिरवा. मला भरून आलं. इतक्या वर्षांत कुठल्या पत्रकाने मला इतक्या लगेच उत्तर दिलं नव्हतं.

एकच नाव लाल होतं. पुढे आणलेल्या त्या मुलीचं. तिने डी धरलं होतं.

पाठ संपल्यावर कॉलेजच्या गाडीत सगळ्यांनी अभिनंदन केलं. ताई खिडकीशी बसली होती. तिने फक्त विचारलं, “जेवलीस का?”

दुसऱ्या दिवशी पाठाचं चित्रण बघायला आम्ही अध्यापन पद्धतीच्या खोलीत जमलो. आधी अभिप्राय पडद्यावर आले. निनावी. माझ्याच मागणीप्रमाणे. छान. खूप छान. ओघवती वाणी. तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर. उत्तम. आवाज खणखणीत. उत्तम.

मी उठले आणि बोलले, “हे काय आहे? नाव नाही, गाव नाही, तरी खोटं लिहिता? कशाला घाबरता?”

मग एक जण, ज्याच्या भागाकारावर मी फळ्यावरच्या पत्रकात टोमणा मारला होता तो, वहीत बघत म्हणाला, “तुला घाबरतो. खरं लिहिलं की उद्या आमच्यावर पत्रक.”

“निनावी आहे ना?”

“आमची भाषा तुला ओळखू येती. तू कोण काय बोलतं ते बारीक ऐकून ठेवतेस.”

सगळे हसले, आणि त्या हसण्यात विरोधक कुणी नव्हते. नुसती माझ्यापासून जपून राहणारी माणसं होती. सरांनी चित्रण सुरू केलं.

कॅमेऱ्यात मी नव्हते, फक्त माझा आवाज होता. कर्कश, वरच्या पट्टीत चढलेला, कुठेही न थांबणारा. मला माझा आवाज आवडायचा. पडद्यावर पोरं. टक लावून बघणारी म्हणून मला आठवत होती ती पोरं प्रत्यक्षात माझ्या हातवाऱ्यांमागे मान फिरवत होती, रस्त्याने वरात चालली की बघतात तशी. मध्येच एकाने हात वर केला. बराच वेळ वर ठेवला. दुसऱ्या हाताने त्याला टेकू दिला. मग खाली घेतला. मला तो हात दिसलाच नव्हता.

मग प्रश्न आला. “धरा कार्डं.”

पहिल्या बाकावरच्या हुशार पोरांनी कार्डं धरली. दुसऱ्या बाकावरच्यांनी मान उंचावून समोर पाहिलं आणि हातातली कार्डं फिरवली. मग तिसऱ्या बाकावरच्यांनी. वाऱ्याने शेत पुढून मागे हलतं तसा वर्ग हलला. एका पोराने तर कार्ड खाली घेतल्यावर पटकन कपाळाला लावलं.

“थांबवा की सर,” ताई म्हणाली. ती उठली, टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक कार्ड घेतलं आणि आमच्याकडे पाठमोरी होऊन सी ची कड वर धरून उभी राहिली. आम्हाला कार्डाची मागची बाजू दिसत होती. गणपती डोक्यावर उभा होता.

“ए धरलं की गणपती सरळ. सी धरलं की उलटा. बी आणि डी ला आडवा, एकदा या कुशीवर, एकदा त्या. मागच्या पोरांना पुढच्यांच्या पाठी दिसत्यात. ते बाळ पाया पडतंय ते देवाला उलटा धरला म्हणून.”

खोलीत हशा पिकला. मीही हसले असते. “तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“तिथंच. मी शेवटच्या बाकावर हुते ना. समोर सगळे गणपतीच गणपती.”

“आणि तू अभिप्राय काय लिहिलास?”

“छान,” ताई म्हणाली. तिने कार्ड खाली ठेवलं. “पुढचं बघ आधी.”

पुढचं मला आठवत होतं. निदान आठवतंय असं वाटत होतं. मी त्या मुलीशी दोन शब्द बोलले, वर्ग थोडा हसला, वातावरण मोकळं झालं, अशी माझी आठवण.

पडद्यावर माझा आवाज म्हणाला, “सगळ्या वर्गाला आलं. एकटीला कसं नाही आलं? ऊठ बरं. जमीन नावावर लागते? हे कुणी शिकवलं तुला? पाटलाची सून आहेस का गं तू?”

वर्ग खो-खो हसला. ती हसली नाही. उभी राहिली, हातातलं कार्ड उलटंपालटं करून बघितलं, जणू चूक कार्डात असेल. मग ते वहीखाली सरकवलं आणि मी बस म्हणायच्या आधीच बसली. माझा आवाज पुढे गेला होता. स्वातंत्र्य, समता, वगैरे.

पहिल्या बाकावरची ती हुशार पोरं सोडली तर एवढ्या वर्गात एकीनेच स्वतःचं उत्तर दिलं होतं. तिच्यापुढे कुणाची पाठ नव्हती, कारण मीच तिला पुढे आणून बसवलं होतं. शेजाऱ्याचं तिने पाहिलं नाही. मागच्या सगळ्यांनी गणपती बघून कार्ड फिरवलं आणि त्यांना मी शाबासकी दिली.

सरांनी दिवा लावला आणि एवढंच विचारलं, “तिनं डी का धरलं असेल?”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तिला प्रश्नचिन्ह लावून मी जे जे बोलले त्यात प्रश्न एकही नव्हता.

मी शाळेत गेले. आधी वर्गशिक्षिका भेटल्या. त्या म्हणाल्या, “ती पोरगी वर्षभर वर्गात बोललीच नव्हती. तोंडी परीक्षेलाही नाही. तुमच्या कार्डावर पहिल्यांदा काहीतरी उत्तर दिलं तिनं. मला बरं वाटलं होतं. आता बघू, परत देते का.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

मधल्या सुट्टीत ती मुलगी नळापाशी होती. मला बघून ती आत गेली. तिची शेजारीण मात्र थांबली. तिला बोलायला आवडायचं.

“मॅडम, ती न्हाई सांगणार. मी सांगते, पन तुमी कुनाला सांगू नका. त्यांची वस्ती नदीकडंला हाय. ते बाहेरून आल्यात, लई वर्सं झाली, पन जमीन न्हाई. त्यांच्यात पान्याचा नळ न्हाई. म्हनून तिची आई सभेत गेल्ती. तर एक जन म्हनला, तुमची जमीन कुठंय गावात, तुमी कशाला आलाव, बसा खाली. ही बी संगं हुती.”

म्हणजे तिने पुस्तकातलं चुकवलं होतं आणि डोळ्यांनी पाहिलेलं बरोबर सांगितलं होतं. आणि हेच, अगदी हेच, माझ्या सगळ्यात गाजलेल्या पत्रकात होतं. भूमिहीनांना सभेत बोलू द्या. ते पत्रक लिहिताना मला असा एकही भूमिहीन माणूस माहीत नव्हता. माहीत झालेलं पहिलं माणूस सहावीतलं निघालं, आणि तिला मी पाटलाची सून म्हणाले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला गप्प बसणं शिकवलेलंच नव्हतं. चूक झाली तर जाहीर माफी, ही आमच्या चळवळीतली रीत. पुढच्या पाठाला मी वर्गासमोर उभी राहिले आणि म्हणाले की मी एका विद्यार्थिनीचा अपमान केला, त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागते. तिचं उत्तर चुकलेलं नव्हतं, व्यवस्था चुकलेली आहे. इथपर्यंतसुद्धा ठीक होतं. मग मी रंगात आले. एका आईला सभेतून गप्प बसवलं जातं, तिला पाणी मागता येत नाही, हे आपल्या गावाला शोभतं का.

वर्गातली सगळी तोंडं एकदम पहिल्या बाकाकडे वळली. नाव मी घेतलं नव्हतं. घ्यायची गरज कुठे होती. तिची शेजारीण माझ्याकडे बघत होती. मी कुनाला सांगू नका म्हनलं हुतं, असं ती तोंडाने म्हणाली नाही. ती मुलगी डोकं बाकावर टेकून बसली होती, वेणीची रिबीन तेवढी दिसत होती.

त्या दिवशी कार्डं वर गेली तेव्हा एक कार्ड बाकावर पालथं पडून राहिलं. मोबाईलवर एक नाव हिरवं नाही, लाल नाही, नुसतं राखाडी. उत्तर आलं नाही, याचा रंग.

परतताना ताई माझ्या शेजारी येऊन बसली.

“माफी मागितलीस का सभा घेतलीस?”

मी पिशवीतली कार्डं सारखी करत राहिले.

“आमच्याकडं बाजारात बैलाचा भाव कसा करतात, ठावं हाय का? रुमालाखाली हात घालून. बोटं धरून. चारचौघांत आकडा बोलला की माणूस अडकतो, मग त्याला मागं बी येता येत न्हाई आन पुढं बी जाता येत न्हाई. रुमालाखाली न्हाई म्हनता येतं. तुझी कार्डं रुमालासारखीच हुती की. तूच रुमाल ओढलास. दोनदा.”

“हे तू निरीक्षणात का नाही लिहिलंस?”

“लिहिलं असतं तर तू माझ्यासंगं भांडली असतीस. आता रडतेस तरी.”

मी रडत नव्हते. पण गाडीत पुढे बसलेल्या भागाकारवाल्याने मागे न बघता पाण्याची बाटली माझ्याकडे दिली, म्हणजे दिसत असणार.

त्यानंतर मी पत्रकं लिहिली नाहीत असं नाही. कार्डांचं मात्र काम केलं. वह्यांना घालतात तो खाकी कागद आणून सगळ्या पाठी झाकल्या. मुलीला परत मागे, तिच्या जागी, शेजारणीजवळ बसू दिलं. तिने दप्तर उचललं आणि गेली. पोरांनी तक्रार केली, “मॅडम, गणपती का झाकला? त्याच्यावर लई आमची श्रद्धा हुती.” वर्ग हसला. उत्तरं मात्र सगळी विस्कटली. हिरवी कमी, लाल जास्त. हा माझ्या शिकवण्याचा खरा रंग होता आणि तो मोबाईलवर दररोज बघावा लागत होता. सरांनी एक गोष्ट सांगितली. उत्तर लगेच सांगू नका. आधी एकट्याने कार्ड धरू द्या, मग शेजाऱ्याशी बोलू द्या, मग परत धरू द्या. आणि कुणाचं नाव वाचू नका. मी तसं करायला लागले. पोरं एकमेकांशी बोलायची तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन उभी राहायची, तोंड बंद ठेवून. ते फार अवघड जायचं.

एक नाव राखाडीच राहिलं. पहिल्यांदा धरतानाही, दुसऱ्यांदा धरतानाही. मी कधी त्या बाकाकडे मुद्दाम बघितलं नाही. बघावंसं वाटायचं.

अंतिम पाठ त्याच वर्गावर आला. बाहेरून परीक्षक आले होते, निवृत्त मुख्याध्यापक, जाड फ्रेमचा चष्मा, हातात गुणांचा तक्ता. अंतिम पाठाची एक रीत आमच्याकडे सगळे पाळतात. आदल्या दिवशी वर्गात येऊन मुलांना उत्तरं घोकवायची, येत असेल तर उजवा हात वर करा, येत नसेल तर डावा, म्हणजे परीक्षकाला सगळेच हात वर दिसतात. मी तशी आदल्या दिवशी आले नव्हते. मागच्या बाकावर ताई आणि बाकीचे निरीक्षणाला बसले होते. आमच्यात हल्ली निरीक्षणं जरा खरी व्हायला लागली होती. माझ्यावरची तर फारच.

प्रश्न असा टाकला होता. वस्तीवरचा नळ आठवडाभर बंद आहे. पहिल्यांदा कुणाकडे जाल? ए, तहसीलदार. बी, पोलीस पाटील. सी, आमदार. डी, ग्रामपंचायत.

प्रश्न लिहून झाल्यावर मला कळलं मी काय लिहिलंय. नळाचा प्रश्न मी ठरवून घेतला नव्हता, पाठ्यपुस्तकातल्या स्वाध्यायासारखा म्हणून घेतला होता. पुसायला हात वर गेला. परीक्षक बघत होते. मी तसाच ठेवला.

पहिल्या वेळी बहुतेकांनी आमदार धरला. मोबाईल लालेलाल. परीक्षकांनी वाकून माझ्या हातातला पडदा बघितला आणि तक्त्यावर काहीतरी टिपलं. राखाडी नाव होतं तसंच.

“आता शेजाऱ्याशी बोला. का धरलं ते सांगा.”

मी खिडकीपाशी गेले. वर्ग गजबजला. कुठे आमदारांच्या गाडीचा रंग चालला होता, कुठे कुणाच्या बोअरचं पाणी. मागच्या कोपऱ्यातून दोघींचे आवाज येत होते. एक नेहमीचा, दुसरा बारीक, घाईघाईचा. मी वळले नाही.

दुसऱ्यांदा कार्डं वर गेली. लाल-हिरवं मिसळलं. शेजारणीचं नाव मघाशी लाल होतं, ते हिरवं झालं. राखाडी होतं ते राखाडीच.

“ज्यांनी उत्तर बदललं त्यांच्यापैकी कुणाला सांगावंसं वाटतंय?”

शेजारणीने हात वर केला आणि मी होकार द्यायच्या आधीच बोलायला लागली. “मॅडम, मी आदी आमदार म्हनलं हुतं. पन ही म्हनली, आमदार काय पाना घेऊन येनार हाय व्हय? तो लग्नातच दिसतो. पंचायतीतच जावं लागतं. न्हाई म्हनले तरी परत जावं लागतं. तिची आई परत गेल्ती. आता त्यांनी अर्ज घेतलाय.”

वर्ग हसला, पण आमदारावर. ती मुलगीही हसली, हाताने तोंड झाकून, शेजारणीला कोपर मारत. आई परत गेली होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं.

परीक्षकांनी मला जवळ बोलावलं. हळू बोलले, पण पहिल्या दोन बाकांना ऐकू गेलं. “तुमच्या पडद्यावर एक उत्तर आलेलं नाही. ती मागची मुलगी कार्डच धरत नाही. प्रत्येकाचा सहभाग हा निकष आहे. उठवा तिला.”

“नाही सर.”

“का?”

“मी तिला आधी उठवलंय. त्याचाच हा परिणाम आहे.”

“मग तिथं तुमचे गुण जातील.”

“जाऊ द्या सर.”

हे मी शूर आवाजात म्हणाले असं वाटायला नको. माझा आवाज फुटला होता. शिवाय गुण जाणं बरोबरच होतं. निकष होता आणि तो मी मोडला होता, त्या दिवशी नाही, आधीच. परीक्षकांनी लिहिलं ते मला वाचायची इच्छा झाली नाही. मागच्या बाकावर भागाकारवाला मोबाईलवर अभिप्राय टाइप करत होता. नंतर पडद्यावर आला तेव्हा त्यात होतं: एक विद्यार्थिनी शेवटपर्यंत शिक्षिकेशी बोलली नाही, पण वर्गाशी बोलली. भाषा त्याचीच होती, ओळखू आली.

घंटा झाली. कार्डं गोळा करायला मी पिशवी उघडून दारात उभी राहिले. पोरं एकेक टाकून पळत होती. सगळ्यात शेवटी त्या दोघी आल्या. मुलगी दाराच्या आत, फळ्याशी थांबली आणि शेजारी भिंतीवर लावलेल्या चित्रांकडे बघत राहिली. तिने आपलं कार्ड शेजारणीच्या हातात दिलं होतं. शेजारणीने दोन्ही कार्डं पिशवीत टाकली, एकावर एक.

“दोगींची हायेत, मॅडम,” ती म्हणाली.

मी “बरं” म्हणाले. आणखी काही तोंडाशी आलं होतं. दोघी पायऱ्या उतरून नळाकडे गेल्या. बारीक आवाज मैदानावरून बराच लांबपर्यंत ऐकू येत होता, आणि तो थांबत नव्हता.